चालू गिरणीतला तुझा आवाज

दादा,

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. भन्तेजींनी सुत्तं म्हटली, माणसं येऊन बसली, चांगलं बोलून गेली. मी ऐकत होते की नव्हते, मला नीट सांगता येणार नाही. माझं लक्ष सारखं अंगणापलीकडं जात होतं, गिरणीच्या बंद दाराकडं. तू भातगिरणी घातलीस तेव्हापासून सुगीच्या दिवसांत ते अंगण कधी गप्प नव्हतं. काल पहिल्यांदा मला मार्गासनीच्या घरात भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं.

तुझा जन्म, तुझं शिक्षण, तू कोणाकोणाच्या उपयोगी पडलास, ते सगळं काल सांगून झालं. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला नुसतं तुझ्याशी बोलायचं आहे. आणि मी बोलायला लागले की तू मान पुढं काढून "काय? परत बोल," म्हणणार नाहीस, हे अजून मला खरं वाटत नाही.

आज पहाटे धुकं फार होतं. राजगड नव्हताच. समोरचं कापलेलं खाचर होतं, त्याच्या पुढं काहीच नव्हतं. मी चहाचा कप घेऊन पायरीवर बसले आणि मला वाटलं, आता त्या पांढऱ्यातून तू येशील, डोक्याला फडकं गुंडाळलेला, भुवयांवर कोंडा बसलेला, आणि म्हणशील, "सुमे, आन तुझा कॅमेरा. आज बोलतो."

तू पहिल्यांदा तसं म्हणालास तो दिवस भोरमधला. मी स्टुडिओत एका लग्नाच्या व्हिडिओचं काम करत होते. मंगलाष्टकांमागून कुणाच्या तरी जनरेटरचा आवाज येत होता, तो कमी करत बसले होते. तू दारात चपला काढल्यास, आत येऊन माझ्यामागं उभा राहिलास आणि बराच वेळ पडद्याकडं बघत राहिलास.

"तू लोकांची लगीनं गोड करून देतीस," म्हणालास. "माझं बी एक काम कर."

काम असं होतं की वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांवर, पार पानशेतच्या अंगाला, लोकांनी घरोघरी छोटी भातमशिनं घेतली होती. ती बिघडली की सगळे तुला फोन करायचे. "तांदूळ तुटतोय, कणी लई पडती, काय करू?" तू मोबाईल घेऊन गिरणीच्या बाहेर जायचास, खाचराच्या बांधावर उभा राहून ओरडून सांगायचास. एकाचा फोन झाला की दुसऱ्याचा. तुझा घसा बसायचा.

"कणी का पडती ते मला एकदाच सांगू दे," तू म्हणालास. "मंग ज्याला पाहिजे त्यानं बघावं. मला रोज घसा फोडायला नको."

मी हसले होते. मला वाटलं, एका दुपारचं काम.

ती दुपार आठवते तुला? मी मोबाईल पोत्यांच्या थप्पीवर ठेवला, तू मशिनीपुढं उभा राहिलास, पट्टा चढवलास आणि बोलायला लागलास. दोन रबरी रोल दाखवलेस, त्यांच्यामधली फट दाखवलीस, मूठभर भात हातावर घेऊन चोळलंस. किती छान बोलत होतास ते तुझ्या हातांवरून कळत होतं. मग आपण अंगणात येऊन ते लावलं. पडद्यावर तुझं तोंड उघडत होतं, मिटत होतं, आणि मोबाईलमधून नुसता घर्रर्र आवाज. बाकी काही नाही.

तू बराच वेळ बघितलंस. मग म्हणालास, "मी तर मासाच झालोय."

लतावहिनी भाकऱ्या सोडून बघायला आल्या होत्या. त्या पदर तोंडाला लावून एवढ्या हसल्या की खालीच बसल्या. आपण तिघंही हसत होतो. आज मला त्या हसण्यापाशी थांबावंसं वाटतं. त्याच्या पुढं जाऊच नये.

पण पुढं आपण वेडेच झालो. मी भोरहून येताना दर खेपेला काहीतरी घेऊन यायचे. आधी कॉलरला लावायचा छोटा माईक आणला. त्यानं तुझा आवाज धरला, पण तुझ्या शर्टाचं घासणंही धरलं, आणि तू दर दोन वाक्यांनी छातीवरचा कोंडा झटकायचास, तेव्हा ऐकणाऱ्याच्या कानात वीज पडावी तसं व्हायचं. मग वहिनींनी जुन्या उशीतला स्पंज कापून त्या माईकला टोपी शिवली. मग आपण बारदानं दोरीवर वाळत घातल्यासारखी टांगली, मशीन आणि तुझ्यामध्ये. मग कोंड्याच्या पोत्यांची भिंत रचली. पोती आवाज गिळतात हे तू आधीच ओळखून होतास. "भरल्या कोठारात माणूस हळूच बोलतो," म्हणालास, "कारन त्याला सोताचंच ऐकू येतं." दर वेळी घरघर थोडी मागं सरायची आणि तू थोडा पुढं यायचास, जसं धुक्यातून कुणी चालत यावं.

तरी ती पुरती जाईना. म्हणून मी म्हणाले, "दादा, मशीन बंद करून बोल. मशिनीचा आवाज मी वेगळा घेते आणि मागून हळू लावते. सगळे असंच करतात."

तिथंच आपलं भांडण सुरू झालं. ते तू गेलास तरी मिटलेलं नाही.

गुरुवार होता, लाईट नव्हती. गिरणी थंड पडली होती. तू मशिनीपुढं उभा राहिलास, मी बोट वर केलं आणि तू हात जोडून म्हणालास, "नमस्कार. मी आपणास भात भरडण्याविषयी दोन शब्द सांगू इच्छितो." मी कॅमेऱ्यामागं ओठ चावत उभी. तू ग्रामपंचायतीच्या सभेत उभा असल्यासारखा बोलत होतास. रोलला तू 'सदर रोल' म्हणालास. वहिनी दारातून म्हणाल्या, "अवो, असं कोण बोलतं? आजवर माज्याशी तरी बोललात का कधी असं?"

"मला जमत न्हाई," तू चिडलास. "बंद मशिनीपुढं काय सांगायचं? ती चालू असली की हाताला कळतं, तोंडाला कळतं. गप पडलेल्या मशिनीचं कौतुक सांगायचं म्हंजे झोपलेल्या पोराला जेवू घालायचं."

"पण लोकांना ऐकू यायला नको का?"

"लोकांच्या मशिनी बी चालूच असत्यात की! त्यांना बी आवाजातच ऐकायचंय."

"म्हणून आपण आवाज भरून द्यायचा?"

"आवाज न्हाई, गिरण भरून द्यायची."

मी ते कबूल केलं नाही. मी स्टुडिओतली. मला स्वच्छ आवाज म्हणजे धुतलेल्या तांदळासारखा हवा असायचा, पाणी निवळेपर्यंत. तुला थोडा कोंडा राहिलेला आवडायचा, जेवणातही. आपण किती वेळा हे बोललो. ओट्यावर, फोनवर, एकदा तर नसरापूरच्या बाजारात भाजी घेता घेता. शेवटी मशीन चालू ठेवूनच, पोत्यांच्या भिंतीआड, माईक हनुवटीच्या जवळ घेऊन आपण पहिला व्हिडिओ पुरा केला. मी माझं म्हणणं सोडलं नाही, तू तुझं. व्हिडिओ मात्र खेड्याखेड्यात गेला. तुझे फोन कमी व्हायच्या ऐवजी वाढले.

आता जे मला पुन्हा पुन्हा दिसतं ते सांगते.

चित्रीकरण संपलं की मी नुसत्या जागेचा आवाज घ्यायचे. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही, ती जागा नुसती कशी वाजते ते भरून घ्यायचं. पुढं दोन वाक्यांमध्ये फट पडली तर तिथं ते लावता येतं. तुला हे फार आवडायचं. तू पोत्यावर बसायचास आणि डोळे मिटायचास, विहारात बसतोस तसा. त्या दिवशीही मशीन नुकतंच थांबलं होतं. पत्र्याच्या फटीतून उन्हाची तिरीप आली होती आणि तिच्यात तूस तरंगत होतं, खाली यायची त्याला मुळीच घाई नव्हती. वर छपराच्या कैचीवर चिमण्यांनी नुसता गोंधळ घातला होता. मी हेडफोन काढून तुला म्हणाले, "या चिमण्यांमुळं सगळं वाया गेलं बघ."

तू डोळे उघडलेस. वर बघितलंस.

"कुठल्या चिमण्या?"

मला वाटलं, थट्टा करतोयस. मी बोट दाखवलं. तुला त्या दिसल्या. त्यांच्या चोची उघडत होत्या, मिटत होत्या. तू त्यांच्याकडं बघत राहिलास आणि तुझा चेहरा हळूहळू बदलत गेला. मला वाटतं, तुला ते त्याआधीही कळलं असणार, पण कुणाच्या देखत कळलं नव्हतं.

मग मला एकेक गोष्ट जुळायला लागली. फोन वाजला तरी तू उचलत नव्हतास, खिशात हलला तरच उचलायचास. माझं काम ऐकताना तू दर वेळी म्हणायचास, "माझा आवाज बारीक येतोय, वाढव." मशीन बरोबर चाललंय की नाही हे तू तळहात टेकवून ओळखायचास. आम्ही म्हणायचो, बघा, दादाला हातानं ऐकू येतं. ते खरंच होतं, फक्त त्याचा अर्थ आम्हांला कळला नव्हता.

तुला तपासणीला न्यायला मला किती विनवण्या कराव्या लागल्या. "कानात मळ असंल," तू म्हणायचास. शेवटी पुण्याला गेलो. काचेच्या खोलीत तुला बसवलं, कानावर हेडफोन दिले, आवाज आला की बटण दाब म्हणून सांगितलं. मी काचेबाहेर उभी. तपासणाऱ्या बाई आवाज सोडत होत्या आणि तू बसून होतास, बोट बटणावर, नजर समोर, गुणी विद्यार्थ्यासारखा. बराच वेळ तुझं बोट हललं नाही.

त्या बाई भल्या होत्या. तुला समोर बसवून, तोंड दिसेल असं, सावकाश बोलल्या. "दादा, कानाच्या आतल्या नसा गेल्यात. गिरणीच्या आवाजानं. हळूहळू जातं, त्यामुळं कळत नाही. खालचे, जाड आवाज येतात तुम्हांला. वरचे, बारीक आवाज येत नाहीत. पाखरं, फोनची रिंग. बायकांचं, लहान मुलांचं बोलणं अर्धंमुर्धं येत असेल."

"मंग परत येतील का?" तू विचारलंस.

"गेलेले नाही येणार. राहिलेत ते जपायचे. मशीन लावा कानाला."

परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसलास. तुझा उतरायचा फाटा नसरापूरचा. गाडी थांबली, माणसं उतरली, चढली, कंडक्टरनं घंटी मारली. तू बसूनच राहिलास. कापूरहोळला भोरची गाडी धरायला मी उतरले तेव्हा तू माझ्यामागं उतरलास, आणि आपण त्या ढाब्याच्या कडेला, रस्त्याकडं तोंड करून चहा घेऊन बसलो. सांजावत होतं. सगळं कसं सोनेरी धुरकट झालं होतं.

"सुमे," तू म्हणालास, "आता काय काय वाजतंय, मला सांग."

मी सांगायला लागले. हायवेवरनं ट्रक जातोय, म्हणाले. "तो येतोय मला," तू म्हणालास, "फुडं सांग." मग मी कान देऊन ऐकलं, दादा. आयुष्यभर आवाज साफ करायचं काम केलं, पण तसं त्याच्या आधी कधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या गॅरेजमध्ये पाना खाली पडला आणि फरशीवर नाचत गेला. चहावाल्यानं दोन ग्लास एकमेकांवर घासले. भोरच्या गाडीचा ड्रायव्हर शीळ घालत होता, गाणं ओळखीचं होतं पण नाव आठवत नव्हतं. एक बाई लेकराला म्हणत होती, सांडू नको, सांडू नको, आणि त्यानं सांडलंच. कढईत भजी पडली. तू प्रत्येकाकडं वळून बघायचास, जिथून मी सांगितलं तिथं, आणि मान हलवायचास. मला वाटलं मी तुला एखादं गाव दाखवतेय, जिथं तू लहानपणी राहिला होतास.

अंधार पडायला लागला तेव्हा तू उठलास. "बास," म्हणालास. "आता लताला काय सांगू?"

वहिनींना तू काय सांगितलंस मला माहीत नाही. पण पुढच्या आठवड्यात तू फोन केलास आणि म्हणालास, "कानांवर व्हिडिओ करायचाय."

मी तुला अडवलं. गाव काय म्हणेल ते मला दिसत होतं. तुला दिसत नव्हतं असं नाही. "भैरा म्हंतील," तूच म्हणालास. "म्हनू देत. मला ऐकू कुठं येणारे!" आणि स्वतःच हसलास. मग गंभीर झालास. "प्रत्येक वाडीत एक मशीन आलंय, सुमे. तान्ही पोरं कडेला घेऊन बाया भात भरडत्यात. म्या त्यांना रोलची फट सांगितली, पट्टा सांगितला. ह्ये न्हाई सांगितलं. मला ठावंच नव्हतं."

त्या व्हिडिओत तुला एक गोष्ट हवी होती, आणि त्यावरून आपलं पुन्हा वाजलं. तुला हवं होतं की बघणाऱ्याला थोडा वेळ तुझ्या कानानं ऐकू यावं. मी म्हणाले, लोकांना वाटेल माईक बिघडलाय, ते पुढं सरकतील. तू म्हणालास, "सरकू देत. करून तर बघ."

मी करून बघितलं. त्या बाईंनी दिलेला तुझ्या कानांचा आलेख समोर ठेवून एकेक बारीक आवाज काढून टाकला. वहिनी सकाळी अंगणातून तुला हाक मारतात, "अवो, चहा घ्या, गार होतोय, ऐकलं का?" ते मी कधीतरी सहज भरून ठेवलं होतं, तेच वापरलं. मग मार्गासनीला येऊन ओट्यावर तुम्हां दोघांना ऐकवलं. वहिनींच्या कानाला हेडफोन लावले. त्या ऐकत होत्या. त्यांच्याच आवाजातलं सगळं धारदार निघून गेलं होतं. शब्दांच्या कडा नव्हत्या. कुणीतरी गोधडीच्या आतून, लांबून काहीतरी म्हणत होतं, आणि ते चहाविषयी होतं की कशाविषयी, काही कळत नव्हतं.

वहिनींनी हेडफोन काढले. तुझ्याकडं बघितलं.

"तुमाला मी अशी ऐकू येते?"

तू मान हलवलीस.

"किती वरसं?"

तू बोटांवर मोजायला लागलास आणि मधेच सोडून दिलंस.

"आन मी म्हनत व्हते, ह्यांना माजं बोलनं नको झालंय," वहिनी म्हणाल्या. "मी बोलायचंच कमी केलं हो."

मग त्या रडायला लागल्या, आणि तू उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसलास. माझ्यासमोर तू कधी त्यांचा हात धरला नव्हतास. मी केबल गुंडाळायला घेतली. गुंडाळून झाली, तशी पुन्हा सोडली आणि पुन्हा गुंडाळली.

तो तुकडा व्हिडिओत राहिला. त्याबाबतीत तू बरोबर होतास, हे मी तुला सांगितलंही होतं. एवढं तरी सांगितलं होतं.

गावात जे व्हायचं ते झालं. पारावर कुणी कानामागं हात धरून तुझी नक्कल केली. एकानं भात दुसरीकडं नेलं, म्हणाला, भैऱ्याच्या गिरणीत सांगितलेलं वजन कोण ऐकणार. पण एक दिवस पानशेतकडचे एक म्हातारे गिरणीवाले पाबे घाट उतरून मोटारसायकलवर नातवामागं बसून आले. दारातूनच ओरडले, "त्या व्हिडिओतले तुमीच का?" तू ओरडलास, "काय?" ते ओरडले, "व्हय, मलाबी!" मग तुम्ही दोघं ओट्यावर बसून अख्खी दुपार एकमेकांशी ओरडून बोललात. निम्मं तुला कळलं नाही, निम्मं त्यांना कळलं नाही. जाताना दोघंही इतके खूश होता की मला हेवा वाटला. तू त्यांना आवाज अडवायला कानावर बसवायचे जाड कप भेट दिलेस, आपल्या गिरणीतले. स्वतःसाठी मग दुसरे आणलेस. वहिनींसाठी पण आणलेस. त्या दोन कपांत वहिनी अंतराळात निघाल्यासारख्या दिसायच्या.

कानाच्या मशिनीनं तुला परत काय काय दिलं, ते तू मला फोनवर सांगायचास. पानावरचा पाऊस. वहिनींच्या बांगड्या. एकदा सकाळी सकाळी फोन केलास आणि नुसता गप्प राहिलास. मी घाबरले. "अगं, चिमण्या," म्हणालास. "केवढ्या भांडत्यात गं ह्या!"

आणि मग तो ताप. साधा ताप, म्हणून तू अंगावर काढलास. तो छातीत उतरला. ज्या छातीत एवढ्या वर्षांचा कोंडा बसला होता, तिनं साथ दिली नाही.

पुण्याच्या दवाखान्यात मी तुला शेवटचं भेटले तेव्हा तुझ्या कानांतली मशिनं काढून ठेवली होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. ती खोली किती वाजत होती, दादा! यंत्रांची टिकटिक, पंखा, शेजारच्या पलंगावरचं कण्हणं, ऑक्सिजनची फसफस. तुला त्यातलं काहीच ऐकू येत नसणार. तू त्या सगळ्याच्या मधोमध शांत पडला होतास, पाण्याखाली असल्यासारखा. सिस्टर म्हणाल्या, मोठ्यानं बोलू नका. मी वाकून तुझ्या कानाला ओठ लावले आणि जाड आवाज काढून, अगदी सावकाश म्हणाले, "दादा, मी सुमी."

तू डोळे उघडलेस. मास्कच्या आत तुझे ओठ हलले. बराच वेळ हलले. दोन-तीन वाक्यं असावीत. मास्क धुरकटायचा, निवळायचा, पुन्हा धुरकटायचा. मी कान जवळ नेला, आणखी जवळ नेला. फसफस ऐकू आली. नुसती फसफस.

आवाजातून आवाज वेगळा काढणं हेच माझं काम. तोच एक मला काढता आला नाही.

तू थांबलास आणि माझ्याकडं बघितलंस, कळलं का, अशा अर्थी. मी मान हलवली. तूही इतकी वर्षं आम्हांला अशीच मान हलवत आला होतास. तुला ते ओळखू आलं असेल का? मला वाटतं आलं. कारण तू हसलास.

तू काय म्हणालास, यावर मी आता रोज विचार करते. कधी वाटतं, वहिनींकडं बघ म्हणाला असशील. कधी वाटतं, आपलं भांडण पुढं चालवलं असशील, एवढ्या कलकलाटात बी माणूस बोलू शकतो, बघ, असं काहीतरी. कधी वाटतं, फक्त तहान लागली म्हणाला असशील. आता मी त्यातलं एकही खरं धरत नाही. तुझे हलणारे ओठ तेवढे धरते.

आज दुपारी एक गोष्ट झाली, ती तुला सांगते आणि थांबते.

धुकं विरलं होतं. साखर गावाच्या रस्त्यानं एक टेम्पो आला आणि गिरणीपुढं उभा राहिला. भाताची पोती होती. टेम्पोवाला खाली उतरला, बंद दार बघितलं, चपला अंगणाबाहेर काढून आला. "वैनी, घाई न्हाई," म्हणाला. "पन ठेवू का परत नेऊ, तेवढं सांगा."

वहिनी निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. थोडा वेळ त्या पोत्यांकडं बघत राहिल्या. मग आत गेल्या, किल्ली घेऊन आल्या, डोक्याला तुझ्यासारखंच फडकं गुंडाळलं. दार उघडताना त्यांना दोनदा जोर लावावा लागला. त्यांनी मूठभर भात काढून एक दाणा दाताखाली फोडला. रोलची फट बघितली, स्क्रू थोडा फिरवला. कानावर कप चढवायच्या आधी त्या माझ्याकडं वळल्या.

"ताई, ह्ये हात लावून सांगायचे मशीन बराबर चाललंय का. मला हातानं कळत न्हाई. तुमचे कान चांगले हायती. तुमी बाहीर रस्त्यावर जाऊन उभ्या ऱ्हावा. बिघडल्यासारखं वाटलं तर सांगा."

"आणि बरोबर असलं तर?"

"तर बी सांगा."

मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. पलीकडं कापलेली खाचरं होती, त्यांच्यावर ऊन पसरलं होतं, आणि समोर राजगड आता पुरता दिसत होता. आतून आधी मोटरची गुणगुण आली. मग पट्टा चढला, एकदा सटकल्यासारखा झाला, पुन्हा धरला. मग घरघर सुरू झाली, आधी खरखरीत, मग हळूहळू गोल होत गेली. मी डोळे मिटले. त्या घरघरीत एकही आवाज मला वेगळा करावासा वाटला नाही. गिरण चालली होती, दादा, आणि बरोबर चालली होती.

डोळे उघडले तेव्हा वहिनी दारात आल्या होत्या, कानावर ते दोन कप, तोंड माझ्याकडं. मी कितीही ओरडले असते तरी त्यांना ऐकू आलं नसतं. मी हात वर केला, त्यांना दिसेल असा, आणि त्या आत वळेपर्यंत तसाच धरून उभी राहिले.

तुझी,
सुमी